कोंबडीजाळीच्या भरवशावर झोपू नका

हार्डवेअरच्या दुकानात रोलमध्ये मिळणारी ती षटकोनी भोकांची पातळ कोंबडीजाळी आहे ना, ती कोंबडी आत ठेवायला असते. बाहेरचं जनावर बाहेर ठेवायला ती नाहीच. हा फरक दुकानदार सांगत नाही, युट्यूबवरचे 'फक्त दोन हजारात गावठी कोंबडीपालन' वाले तर अजिबात सांगत नाहीत, आणि मग पहिल्या पावसाळ्यानंतर लोक कोंबडीपालनाच्या ग्रुपवर फोटो टाकतात, जाळी वाकलेली, पिसं पडलेली, खाली लिहिलेलं की 'हे कोणी केलं असेल?'

मला रोज कोणी ना कोणी हेच विचारतं म्हणून एकदा सगळं लिहून टाकते.

आमचं घर कुडाळपासून जरा आत, मागे परडं, परड्याच्या कडेला काजूची कलमं आणि त्याच्या मागे सरळ रान. कोंबड्या मिश्र आहेत, बऱ्याचशा गावठी, थोड्या गिरिराज, आणि नवऱ्याच्या हौसेचे दोन-चार कडकनाथ. म्हणजे पाहुणे यायला सगळी व्यवस्था आहे. आणि येतात. रानमांजर येतं, उदमांजर (आमच्याकडे जुनी माणसं कांडेचोर म्हणतात) येतं, पट्ट्या-ठिपक्यांचं जवादी मांजर येतं, घूस तर कायमची भाडेकरू, भटकी कुत्री, कधी कोल्हा, पावसात धामण आणि नाग. मुंगसाचं नाव सगळे घेतात पण मुंगूस दिवसाचा प्राणी आहे, रात्री अडीच वाजता कोंबड्या ओरडल्या तर तो मुंगूस नाही, त्याला उगीच बदनाम करू नका.

आता माझं म्हणणं एवढंच आहे की 'काय आलं' हा प्रश्न दुसरा. पहिला प्रश्न 'कुठून आलं'. कारण काय आलं हे कळूनही तुम्ही करणार काय? ही बहुतेक सगळी जनावरं १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली संरक्षित आहेत, मारायची नाहीत, फासे लावायचे नाहीत, आणि एक गेलं की त्या जागी दुसरं येतंच, रान मोकळं राहत नाही. पण फट एकदा बुजवली की ती रानमांजरालाही बुजली, उदमांजरालाही बुजली आणि शेजारच्या बोक्यालाही. शेजारचे काका आमचा खुराडा पहिल्यांदा बघायला आले तेव्हा दाराला हात न लावता खाली वाकले आणि म्हणाले, "दार लावलंस ता बरा, पण ही फट कोणासाठी ठेवलंस?" तो त्यांचा स्वभावच आहे, लोकांच्या घरातही ते आधी वळचण बघतात.

तरीपण सकाळी काय दिसतं त्यावरून पाहुणा ओळखता आला तर फट शोधायला मदत होते, म्हणून तेवढं सांगते. कोंबडीच गायब, थोडी पिसं ओळीने रानाच्या दिशेने गेलेली, म्हणजे उचलून नेलंय, रानमांजर किंवा कोल्हा. जागच्या जागी मारून पोट-छाती खाल्लेली आणि बाकी टाकून दिलेली असेल तर बऱ्याचदा उदमांजर नाहीतर जवादी. पाच-सहा कोंबड्या मेलेल्या, खाल्लेली एकही नाही, सगळीकडे पसारा, म्हणजे कुत्री. कुत्री भूक म्हणून नाही, खेळ म्हणून मारतात, आणि नुकसान सगळ्यात जास्त त्यांचंच असतं पण आळ येतो कोल्ह्यावर. कोंबडी जाळीला चिकटून मेलेली आणि डोकं किंवा पंख नाही, म्हणजे जनावर आत आलेलंच नाही, त्याने बाहेरून जाळीतून ओढलंय. पिल्लं एकेक करून कमी होतायत, रक्त नाही पिसं नाही, तर घूस किंवा उंदीर, कोपऱ्यात बीळ शोधा. आणि अंडी गायब, टरफलाचा तुकडासुद्धा नाही, किंवा एखादं पिल्लू मेलेलं आणि त्याचं डोकं ओलं चिकट, तर साप येऊन गेलाय, गिळायचा प्रयत्न करून सोडून दिलंय. ह्या खुणा शंभर टक्के नसतात, एकाने मारलेलं दुसरा येऊन खातो, त्यामुळे फार डिटेक्टिव्हगिरी करू नका. शंका असेल तर नाइट व्हिजनवाला एखादा साधा वायफाय कॅमेरा आठवडाभर लावा. रानमांजर उंच पायांचं, अंगावर पट्टे जवळजवळ नाहीत, शेपटी आखूड आणि टोकाला काळी वलयं. जवादीच्या शेपटीवर तर पूर्ण काळी-पांढरी वलयं असतात. उदमांजर काळपट, शेपटी लांबच लांब. बिचारं उदमांजर खरं तर फळं खाणारं आहे, काजूची बोंडं, पिकलेला फणस, माडीच्या मडक्यातसुद्धा तोंड घालतं, पण सहज हाती आलेली कोंबडी सोडत नाही.

आता जाळी. घ्यायची ती वेल्डमेश, म्हणजे तारा वेल्ड केलेली चौकोनी भोकांची जाळी, अर्धा इंच बाय अर्धा इंच, निदान खालच्या तीन फुटांना तरी. गेज, म्हणजे तारेच्या जाडीचा आकडा, विचारून घ्या, आणि लक्षात ठेवा की गेजचा आकडा जितका मोठा तितकी तार बारीक, दुकानात बरेच लोक उलटं समजून बावीस गेजची जाड म्हणून घेऊन येतात. आमच्यासारख्या खाऱ्या दमट हवेत गॅल्वनाइज्ड नसेल तर दोन पावसाळ्यात तारेचा भुगा होतो, आणि कुत्र्याला मग दात पण लावावे लागत नाहीत, नुसतं अंग टाकलं की झालं. अर्धा इंचच का, तर उंदीर पाऊण इंचातूनसुद्धा अंग चोरून येतो. आणि सापाचं गणित पण त्यातच बसतं, अर्ध्या इंचातून येईल एवढा बारीक साप अंडं किंवा पिल्लू गिळू शकत नाही, आणि गिळू शकेल असा साप त्यातून येऊ शकत नाही. सापासाठी म्हणून मासेमारीची नायलॉन जाळी गुंडाळायची एक पद्धत लोक सांगतात, ती कृपा करून करू नका. साप त्यात अडकतो आणि तडफडत मरतो, आणि पहाटे अंधारात दार उघडायला जाणारे तुम्हीच असता, दाराशी जिवंत अडकलेला नाग कोणाला हवाय.

जाळी ठोकताना यू खिळ्यांवर भागवू नका, लाकडी पट्टी किंवा लोखंडी पट्टी वरून ठेवून स्क्रू मारा. जनावर जाळी फाडत नाही, ते कडेने उचकटतं. नाकाने ढकलून बघतं, जिथे हलतं तिथे पंजा घालतं, मग परत ढकलतं, रात्रभर त्याला दुसरं काम नसतं. कोपरे, दाराची खालची कड, पत्रा आणि भिंत जिथे मिळतात ती जागा, ह्या ठिकाणी हाताने जोर लावून बघा, तुमची तीन बोटं आत जात असतील तर जवादीचं डोकं जातं असं समजा.

कोंबड्यांची बसायची काठी जाळीपासून निदान फूटभर आत हवी. हे फार सोपं आहे आणि फार कमी ठिकाणी केलेलं दिसतं. कोंबडी रात्री जवळजवळ आंधळी असते, अंधार पडला की ती सुन्न होऊन बसते, शेजारची ओढली गेली तरी उठून पळत नाही. जाळीला टेकून बसली असेल तर जाळी कितीही भारी असली तरी उपयोग शून्य.

जमीन हा सगळ्यात दुर्लक्षित भाग. आमच्याकडे चिरा (जांभा दगड) स्वस्त आणि हाताशी, म्हणून चिऱ्याचं फूट-दीड फुटाचं जोतं आणि वर कोबा (सिमेंटची जमीन) हे सगळ्यात उत्तम, घूस चिऱ्यांच्या सांध्यातून माती उकरते पण कोब्यातून येत नाही. कोब्यावर भाताचा तूस टाकायचा, ओला झाला की काढायचा. कोबा जमत नसेल तर जाळी भिंतीच्या बुडाशी बाहेरच्या बाजूला एल आकारात वाकवून फूटभर जमिनीवर आडवी पसरा आणि वर माती-चिरे टाका. खोल खड्डा करून उभी जाळी पुरण्यापेक्षा हे कमी कष्टाचं आणि जास्त कामाचं आहे, कारण कोल्हा असो की कुत्रा, उकरायला सुरुवात भिंतीला चिकटूनच करतो, खाली जाळी लागली की थोडं मागे सरून उकरायचं त्याच्या डोक्यात येत नाही. तिसरा पर्याय म्हणजे खुराडा पायांवर उचलायचा, अडीच-तीन फूट उंच, आणि प्रत्येक पायाला पत्र्याची गुळगुळीत कॉलर, म्हणजे उंदीर आणि मांजर चढू शकत नाहीत. फक्त शेजारी लाकडाची थप्पी किंवा गवताची उडवी नको, नाहीतर तोच जिना होतो.

छप्पर. जुन्या मंगलोरी कौलांचा खुराडा दिसायला फार छान, आणि इन्स्टाग्रामवर तर काय विचारूच नका, पण कौल हे नुसतं ठेवलेलं असतं, बांधलेलं नसतं. उदमांजर झाडावरून उतरतं, एक कौल सरकवतं आणि आत. कौलंच हवी असतील तर खाली पूर्ण जाळी मारून घ्या. पत्रा असेल तर पत्र्याच्या नळ्या जिथे भिंतीवर टेकतात तिथली अर्धगोल भोकं बंद करा, पण सिमेंटने नको, जाळीनेच, कारण गरम हवा तिथूनच बाहेर जाते. हे मुद्दाम सांगतेय, कारण जनावरांच्या भीतीने खुराडा डब्यासारखा बंद करणारे पण बघितलेत. एप्रिल-मे मध्ये त्या बंद डब्यात कोंबड्या उकाड्याने मरतात, आणि पावसात विष्ठेचा अमोनिया साठून डोळे-नाक वाहायला लागतं. वर दोन्ही बाजूंना वारा आरपार जाईल अशी जाळीची पट्टी पाहिजेच.

कडी नुसती अडकवायची असेल तर ती कुत्र्याच्या धक्क्याने उडते. फॅब्रिकेशनवाल्याकडून अल्ड्रॉप (कुलूप लावता येईल अशी जाड सरकती कडी) लावून घ्या, दार बाहेर उघडणारं ठेवा, चौकटीला आतून थांबा द्या म्हणजे बाहेरून ढकललं तरी दार आत जाणार नाही.

एवढं सगळं केलं आणि दार वेळेवर लावलं नाही तर सगळं फुकट, हे खरं. कोंबड्या सूर्यास्ताच्या आसपास आपण होऊन आत येतात, तो काही प्रश्न नाही. प्रश्न आपला असतो. डिसेंबरात सहा-सव्वासहाला सूर्य मावळतो, जूनमध्ये सात वाजून जातात, म्हणजे वर्षभरात तासाभराचा फरक पडतो आणि आपण मात्र घड्याळ लावून 'सातला दार' असं ठरवतो. हिवाळ्यात मग तो पाऊण तास खुराडा उघडा, कोंबड्या आत सुन्न, आणि रानमांजर नेमकं त्याच वेळी फिरायला निघतं. आमच्या सासूबाई घड्याळ बघत नाहीत, त्या दिवा लावतात आणि लगेच विचारतात कोंबड्या डालल्या का, पूर्वी डालग्याखाली झाकायची पद्धत होती तेव्हापासूनचा तो शब्द त्यांच्या तोंडात बसलाय. आणि नुसतं दार लावलं चालत नाही, मोजायचं. एखादी खुडूक कोंबडी कुठेतरी माडाच्या झावळ्यांखाली अंडी घालून बसलेली असते, एकवीस दिवस ती तिथून हलणार नाही, आणि एकवीस रात्री ती तिथे जमिनीवर एकटी. तिला अंधार पडल्यावर अंड्यांसकट उचलून टोपलीत, टोपली बंद खोलीत. दिवसा हलवलंत तर ती परत जाते, रात्री हलवलंत तर बहुतेक वेळा गुपचूप बसते.

गावठी कोंबड्यांना झाडावर बसायची खोड असते. काही लोक कौतुकाने सांगतात की आमच्या झाडावरच झोपतात, सेफ. कुठलं सेफ? उदमांजर झाडावरच राहतं, आणि मोठं घुबड वरून येतं. अशा कोंबड्यांना तीन-चार दिवस खुराड्यातच कोंडून खायला-प्यायला घाला, मग हेच घर हे त्यांच्या डोक्यात बसतं. गिरिराज वजनदार, त्यांना उडताच येत नाही फारसं, त्यांची ही कटकट नाही.

संध्याकाळी अंडी काढून घ्या, खाद्याचं भांडं बाहेर काढा. रात्री सांडलेले दाणे म्हणजे उंदरांना आमंत्रण आणि उंदीर म्हणजे सापाला आमंत्रण, घोणस-नाग आपल्याकडे कोंबडीसाठी कमी आणि उंदरासाठी जास्त येतात. अंड्यांच्या खोक्यात हात घालायच्या आधी टॉर्च मारा, कितीही सवयीचं असलं तरी. साप दिसला तर काठी नको, सर्पमित्राला फोन. आणि रविवारी कोंबडी कापल्यावर पिसं-आतडी परड्याच्या मागे फेकायची सवय बंद करा, खोल पुरा, कारण त्या वासावर आलेलं कुत्रं उद्या जिवंत कोंबडीजवळ पोचतं.

आता उपाय म्हणून जे जे सांगितलं जातं त्याबद्दल. कार्बोलिक ऍसिड, गंधक, हिंगाचं पाणी, लसूण, सापासाठी यातलं काही चालत नाही, आणि कार्बोलिकने कोंबडीचे पाय भाजतात ते वेगळंच. सोलरचे सेन्सर लाइट आठवडाभर छान काम करतात, मग जनावराला कळतं की ह्याने काही होत नाही. जुलैमध्ये तर ऊनच नाही, लाइट चार्ज होणार कशावर? रेडिओ लावून ठेवणं पण तसंच. गिनी फाऊल खरंच ओरडून उठवतात, पण ते साप बघूनही ओरडतात, पोस्टमन बघूनही आणि वाऱ्याने हललेलं पान बघूनही, त्यामुळे तुमचे शेजारी कसे आहेत ते आधी बघा. विषाबद्दल तर बोलायलाच नको पण बोलावं लागतं, मेलेल्या कोंबडीत थिमेट (विषारी कीटकनाशक) घालून ठेवणारे लोक अजून आहेत. ते खाऊन रानमांजर मरो न मरो, गावची कुत्री, कावळे, घारी मरतात, आणि त्याच परड्यात तुमची पोरं खेळतात. घरच्या लाइनची तार जाळीला जोडणारे पण आहेत. तो सरळ माणूस मारायचा प्रकार आहे, गुन्हा आहे, दरवर्षी शेतात अशा तारांनी माणसं जातात. सोलर झटका मशीन वेगळं, ते पल्सने, म्हणजे क्षणभराच्या झटक्यांनी चालतं, पण चार कोंबड्यांसाठी त्याची गरज नाही.

बिबट्याचं वेगळं आहे. तो फिरतोय असं कळलं तर वेल्डमेशवर विसंबू नका, कोंबड्या चिऱ्याच्या बंद खोलीत घ्या. आणि खुराड्याची राखण म्हणून कुत्रा बाहेर साखळीने बांधून ठेवू नका. वन्यजीव संशोधक विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी अकोले तालुक्यात बिबट्याच्या विष्ठेवरून त्याच्या खाण्याचा अभ्यास केला होता, २०१४ मध्ये ऑनलाइन प्रसिद्ध झाला, त्यात वजनाच्या हिशोबाने जवळजवळ ३९ टक्के वाटा पाळीव-भटक्या कुत्र्यांचा निघाला. म्हणजे कुत्रा ही राखण नाही, ते ताट आहे. कुत्रा रात्री पडवीत आत. बिबट्या दिसला तर वन विभागाचा १९२६ नंबर आहे, त्यावर फोन करा, गर्दी जमवून व्हिडिओ काढत बसू नका.

ऑटोमॅटिक दाराबद्दल पण बरेच विचारतात. उजेड बघून उघड-बंद होणारी दारं ऑनलाइन मिळतात, नोकरीवाल्यांना सोयीची आहेत, पण पावसाळ्यात ढग दाटून आले की दुपारी चारलाच अंधार समजून बंद होतात आणि अर्ध्या कोंबड्या बाहेर राहतात. घ्यायचंच तर टायमरवालं घ्या आणि दर महिन्याला वेळ बदला. दार लागल्यावर मोजायला मात्र माणूस लागतोच.

राहता राहिला तो दोन पायांचा. त्याला फट लागत नाही, पिसं सांडत नाहीत, कोंबड्या ओरडत पण नाहीत कारण अंधारात पायाला धरून उचललेली कोंबडी गप्प असते. त्याचा सीझन ठरलेला, गटारीच्या आधीचा आठवडा, थर्टी फर्स्ट, शिमगा, आणि जत्रेच्या रात्री, जेव्हा सगळी वाडी दशावतार बघायला देवळात आणि घरी फक्त म्हातारी माणसं. रानमांजर एक नेतं, हा पोतं घेऊन येतो आणि नेमके कडकनाथ निवडतो. त्याच्यासाठी अल्ड्रॉपला कुलूप लावतो आम्ही. चावी कुठे ठेवतो ते इथे लिहीत नाही, वाडीतले बरेच जण ब्लॉग वाचतात.